कोपनहेगनच्या खिडकीत

इरण्णाचं इष्टलिंग मी कोपनहेगनच्या एका यूथ हॉस्टेलच्या खिडकीत विसरलो, आणि ते तूच हरवलंस असं त्याला सांगितलं. हे एक वाक्य कागदावर उतरवायला मला आठ वर्षं लागली. आता इरण्णाला जाऊन सहा आठवडे झाले आहेत. त्या दिवशी सकाळची पाळी सुरू होताना गिरणीच्या फाटकाशी एका जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, मला थांबवलं आणि म्हणाला, "मास्तर, इरण्णासाहेब गेले की हो पहाटे." माझा हात आधी सदऱ्याच्या वरच्या खिशाकडे गेला. त्या खिशात चांदीची एक छोटी डबी होती. तीन दिवसांपूर्वी ती त्याला द्यायला म्हणून मी इस्पितळात घेऊन गेलो होतो, आणि तशीच परत आणली होती…

आम्ही दोघं सोलापूरच्या एका गिरणीत विणकाम खात्यात होतो. मी नातेपुत्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, डिप्लोमा करून नोकरीला लागलेला. इरण्णा शहरातला, कापडाच्या व्यापारातल्या लिंगायत घरातला. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि मागावर बसला की दोन्हीची मिसळ. पहिल्या दिवशी त्यानं मला गाव विचारलं आणि तेच माझं नाव करून टाकलं. "ए नातेपुते, चहा घेणार काय?" मरेपर्यंत त्यानं मला दुसऱ्या कुठल्याही नावानं हाक मारली नाही. सत्तर साली गिरणीनं आम्हा दोघांना वर्षभराच्या शिक्षणासाठी पश्चिम जर्मनीत, माग बनवणाऱ्या एका कारखान्यात पाठवलं. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात मी तापानं आठ दिवस पडून होतो. इरण्णा कामावरून यायचा, स्टोव्हवर भाताची पेज करायचा, आणि पेला हातात देऊन म्हणायचा, "पी गप. तू हितं मेलास तर तुला जर्मनीतनं नातेपुत्याला तुझ्या वडिलांकडं कसं पोचवू मी? एस्टी तर जात न्हाय." मी हसायचो आणि पेज प्यायचो. असा माणूस होता.

शिक्षण संपत आलं तेव्हा आम्हाला तीन आठवड्यांची रजा मिळाली. आता काय पाहायचं ते पाहून घ्या, पुन्हा कोण येतंय इकडे, असं सगळे म्हणाले. आम्ही पाठीवरच्या दोन सॅक उसन्या मिळवल्या आणि एकाहत्तरच्या उन्हाळ्यात उत्तरेला निघालो. इरण्णाच्या सॅकमध्ये सगळ्यात वर घरची सोलापुरी चादर, आणि खाली कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाचटणीचा डबा. आमच्यानंतर शिकायला आलेल्या एका मुलाबरोबर इरण्णाच्या आईनं हे पाठवलं होतं. वाळवलेल्या त्या ज्वारीच्या भाकऱ्या महिनोन्‌महिने टिकतात. हांबुर्गच्या रस्त्यावर आम्हाला गाडीत घेतलेल्या एका ट्रक ड्रायव्हरला इरण्णानं भाकरीचा तुकडा चटणी लावून दिला. ड्रायव्हरनं तो चावला, डोळे पुसले, आणि खिडकी उघडून बराच वेळ तोंडात वारा घेतला. मग त्यानं हात पुढे करून आणखी मागितला. "बघ," इरण्णा मला म्हणाला, "ह्यो आता अक्कलकोटपर्यंत सोडतोय आपल्याला."

त्याला गिरिजाघरं आणि राजवाडे यांत फारसा रस नव्हता. तो कापड बघायचा. ल्युबेकमध्ये एका खाणावळीत पडद्याचं टोक चिमटीत धरून तो इतका वेळ उभा राहिला की मालकीण जवळ आली. वर्षभरात याला जर्मन येत होतं ते फक्त मागाच्या भागांच्या नावांपुरतं. यानं सॅकमधून चादर काढून तिच्या हातात दिली. मग दोघं एकमेकांच्या कापडाची उलटी बाजू बघत उभे, धाग्यावर बोट ठेवून माना हलवत. मी बाजूला अवघडून उभा होतो. आज वाटतं, त्या तीन आठवड्यांत मी शहरं पाहिली आणि तो माणसांना भेटून आला.

रोज सकाळी आंघोळ झाली की तो भिंतीकडे तोंड करून चादरीच्या घडीवर बसायचा. गळ्यातल्या दोऱ्यातली चांदीची डबी उघडायचा, आतलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचा, विभूती लावायचा आणि पुटपुटत पूजा करायचा. जन्मल्यावर काही दिवसांतच त्याच्या गळ्यात घातलेलं ते लिंग होतं. ते माणसाबरोबर शेवटपर्यंत राहतं. पूजा झाल्याशिवाय तो पाण्याशिवाय काही घेत नसे. हॉस्टेलच्या दहा-दहा खाटांच्या खोल्यांत लांब केसांची पोरं त्याच्याकडे बघत बसायची, पण कधी कुणी हसलं नाही.

कोपनहेगनच्या हॉस्टेलात एक शिस्त होती. निघायच्या दिवशी प्रत्येकाला एक काम वाटून दिलेलं असे. इरण्णाच्या वाट्याला खोलीची फरशी पुसणं आलं. नेमका त्याच सकाळी पूजेनंतर त्याच्या गळ्यातला दोरा तुटला. डबी हातात घेऊन तो इकडेतिकडे बघत राहिला. अंगात स्वेटर, त्याला खिसा नाही. पँटच्या खिशात ठेवायची सोय नव्हती, कारण लिंग कमरेच्या खाली न्यायचं नसतं. दारात राखणदार बाई बादली घेऊन उभी. इरण्णा क्षणभर थांबला, मग ती डबी त्यानं माझ्या पुढे धरली.

"नातेपुते, तुझ्या सदऱ्याला वर खिसा हाय ना? धर. धा मिनिटं. पुसून आलोच."

मी खिशात ठेवली. मग दोन्ही सॅक बांधायला वाकलो तर ती घरंगळून पडायला लागली. म्हणून काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. उंच जागा होती, बरी होती. मग त्या बाईनं घाई केली, ऑस्लोच्या बोटीची वेळ, ट्राम गाठायची… आम्ही निघालो.

धक्क्यावर रांगेत उभे असताना इरण्णानं गळ्याशी हात नेला आणि म्हणाला, "दे रे. दोरा बांधून घेतो."

त्या क्षणी मला ती खिडकी स्वच्छ दिसली. पांढरा कट्टा, त्यावर डबी, मागे काच. परत जाऊन यायचं तर बोट चुकणार होती. तिकिटं परत होणारी नव्हती, आणि पुढचा सगळा बेत त्या बोटीवर होता. पण हे मी आज लिहितोय. खरं कारण त्याहून लहान होतं. माझी चूक झाली असं त्याच्या तोंडावर म्हणायला माझी जीभ उचलेना.

मी म्हणालो, "तुला दिली की मघाशी."

"मला?"

"फरशी पुसून आलास तेव्हा. तू सॅकमध्ये ठेवलीस. वरच्या कप्प्यात."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या नजरेत संशय असता तर बरं झालं असतं. तो स्वतःच्या डोक्यात शोधत होता. मग त्यानं धक्क्यावरच सॅक उलटी केली. चादर झटकली, भाकऱ्या एकेक करून काढल्या, चटणीच्या डब्यातसुद्धा बोट घालून पाहिलं. रांग आम्हाला वळसा घालून पुढे गेली. भोंगा झाला तेव्हा मीच त्याचा दंड धरून त्याला बोटीवर नेलं. "मिळेल रे, कुठंतरी कपड्यात असेल," असंही मी म्हणालो. दुसरं घेता येईल, शेवटी वस्तूच आहे, असं तेव्हा मी मनाशी धरून चाललो होतो. माझ्या गळ्यात तसलं काही नव्हतं, त्यामुळे ते मला सोपं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीच्या डेकवर तो चादरीच्या घडीवर बसला. डावा तळहात पुढे धरला. त्यात काही नव्हतं. त्या मोकळ्या तळहाताला त्यानं विभूती लावली आणि रोजच्यासारखं पुटपुटत राहिला. मी दोन पेले कॉफी घेऊन उभा होतो. त्यातला एक पेला माझ्या हातून चादरीवर सांडला. त्यानं वर पाहिलं. "असू दे," म्हणाला, "धुतल्यावर जाईल." तो डाग गेला नाही.

ऑस्लो पाहिलं, स्टॉकहोम पाहिलं. तो माझ्याबरोबर सगळीकडे चालला, पण दूध आणि फळं सोडून त्यानं काही खाल्लं नाही, आणि कुठल्याही कापडाला हात लावला नाही. ऑस्लोच्या पोस्टातून मी चोरून त्या हॉस्टेलला पत्र टाकलं. खिडकीच्या कट्ट्यावर एक डबी राहिली आहे, माझ्या जर्मनीच्या पत्त्यावर पाठवा. तीन आठवड्यांनी, आम्ही मायदेशी निघायच्या चार दिवस आधी, माझ्या नावानं एक छोटं पुडकं आलं. कापसात गुंडाळलेली डबी. त्या बाईनं तुटलेला दोरासुद्धा घडी करून सोबत ठेवला होता.

त्या दिवशी मी ती त्याच्या हातात का ठेवली नाही? ठेवली असती तर तो विचारणार होता की ती कुठे होती हे तुला कसं ठाऊक. गुपचूप त्याच्या सॅकमध्ये सरकवावी असंही मनात आलं, पण ती सॅक त्यानं इतक्यांदा उलटी केली होती की तिच्यात काय आहे आणि काय नाही हे त्याला पाठ होतं. शिवाय तोपर्यंत त्यानं वडिलांना पत्र लिहून हरवल्याचं कळवलं होतं, आणि वडिलांचं उत्तरही आलं होतं. घरी आल्यावर स्वामींनी विधी करून त्याला दुसरं लिंग दिलं. प्रश्न मिटला असं मी स्वतःला सांगितलं, आणि डबी माझ्या कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. वरच्या, हे मात्र पाळलं.

प्रश्न मिटला नव्हता. इरण्णाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास गेला होता. खिसे तीन-तीनदा चाचपायचा. कुलूप लावून अर्ध्या वाटेवरून परत जायचा. कुणी सांभाळायला काही दिलं तर हात मागे घ्यायचा आणि हसून म्हणायचा, "माझ्याकडं नको बाबा. मी काय, गळ्यातलं हरवणारा माणूस." लोक हसायचे. दोन वर्षांनी विणकाम मास्तरची जागा रिकामी झाली. ती त्याचीच होती, त्याच्यासारखं कापड कळणारा गिरणीत दुसरा नव्हता. त्यानं साहेबांना सरळ सांगितलं, "सगळ्या खात्याच्या चाव्या माझ्याकडं नकोत. नातेपुतेला द्या. त्येच्या ध्यानात राहतंय." ती जागा मला मिळाली. माझा हात हातात घेऊन तो मनापासून आनंदला होता. तेव्हापासून सगळे मला मास्तर म्हणतात. ती हाक आली की आजही मला क्षणभर तो बोटीचा धक्का दिसतो.

यंदा काविळीनं त्याला गाठलं. इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा अंग पिवळं पडलेलं, पण बोलणं तेच. उशाशी स्टूल होतं. तो म्हणाला, "माझा चष्मा हाय का बघ रे तिथं. मी ठेवला म्हणतोय, पण माझं काय खरं न्हाय."

चष्मा तिथेच होता, त्यानं ठेवला होता तिथेच. मी तो त्याच्या हातात दिला. माझा दुसरा हात खिशातल्या डबीवर होता.

"नातेपुते, ती फरशी पुसायला लावणारी बाई आठवते काय?"

"आठवते."

"चांगली होती. नुसती तोंडानं कडक." मग थोडं थांबून म्हणाला, "बरा झालो की एकदा जाऊ या परत…"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात इरण्णाची बायको, आमच्या वहिनी, थर्मास घेऊन आत आल्या, आणि मी, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखा उठलो. उद्या सांगू म्हणालो स्वतःला. उद्या नाही, परवाही गेलो नाही.

त्याला समाधी दिली तेव्हा मी खड्ड्याच्या काठाशी उभा होतो. त्याला बसवलेलं होतं, कपाळभर विभूती, आणि डाव्या हातात लिंग. ते दुसरं. पहिलं माझ्या खिशात, त्याच्यापासून चार हातांवर. तेव्हाही मी बोललो नाही. बेलाचं पान वाहिलं आणि माती लोटली.

गेल्या सोमवारी मी त्याच्या घरी गेलो. अव्वा, म्हणजे त्याची आई, सोप्यात बसल्या होत्या. "बा, कूडु," म्हणजे ये, बस, म्हणत त्यांनी चटई सरकवली. मी बसलो नाही. डबी त्यांच्यासमोर धरली आणि सगळं सांगितलं, धक्क्यापासून कपाटापर्यंत. त्या डबी ओळखत होत्या.

मग म्हणाल्या, "त्यानं सोता तुझ्या हातात दिलं?"

"होय अव्वा."

"घरच्या माणसाबिगर कुणाच्या हातात देत न्हाईत रे ते." आवाज चढला नव्हता. "इतकी वर्सं कुटं ठिवलंस?"

"कपाटात. वरच्या खणात."

"कमरंच्या वर?"

"वर."

त्यांनी मान हलवली. दोन्ही हातांनी डबी घेतली, उघडली, लिंग पाण्यानं धुतलं, विभूती लावली. ह्याचं काय करायचं ते स्वामींना विचारते, म्हणाल्या. मी माफी मागायला वाकलो तर त्यांनी हातानं थांबवलं.

"मला नगं सांगू. माझं काय हरवलं न्हवतं. त्याला सांग. तितं बसायचा त्यो."

आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून एक घडी घातलेली चादर होती. कुणी हलवली नव्हती. मधोमध कॉफीचा डाग, फिकट झालेला, पण गेलेला नाही. अव्वांनी लिंग चादरीसमोरच्या पाटावर ठेवलं आणि त्या दाराशी जाऊन थांबल्या. मी चादरीवर बसलो नाही, तिच्याशेजारी जमिनीवर बसलो, आणि तो ऐकत असता तर जेवढ्या आवाजात बोललो असतो तेवढ्याच आवाजात बोललो.

"इरण्णा, तू डबी माझ्याकडं दिली होतीस. मी ती खिडकीत ठेवली आणि विसरलो. धक्क्यावर तू मागितलीस तेव्हा मला आठवलं होतं, तरी तुला दिली म्हणून खोटं बोललो. तुझ्या हातून काही हरवलं नव्हतं. तुझे हात चांगले होते. मला माफ कर."