पट्टी विणणारे जंतू

वाशीमच्या दवाखान्यात मलमपट्टीच्या रांगेत तो माझ्या पुढे होता. माझा हात चहाने भाजला होता, त्याची पोटरी मोटरसायकलच्या सायलेन्सरने. माणूस रिठदकडचा, नाव विचारायचं राहूनच गेलं. ऊसतोडीला निघायची वेळ आली तरी जखम भरत नव्हती, म्हणून दिसेल त्याला तो पाय वर करून दाखवत होता. शिपाईही सुटला नाही.

डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने एक ओलसर, पारदर्शक पापुद्रा उचलला. "काका, ही नवी पट्टी. शिरका, म्हणजे व्हिनेगर, आंबवणारे जंतू ही विणतात."

त्याने पाय झटकन पोटाशी घेतला. "जखमेत जंतू होऊ नये म्हणून मी आलो, अन् तुमी मलेच जंतू लावून राह्यल्या?"

"अहो, आता यात एकही जिवंत नाही. पट्टी उकळून, धुऊन घेतलेली असते."

मला वाटलं, आता हा निवांत होईल. पण त्याचा चेहरा पडला.

"म्हंजे विणून घेतलं, अन् मंग उकळून मारलं? काहून? त्यायनं काय बिघडवलं होतं?"

पाय मात्र हळूहळू पुढे आला. पट्टी बसली तशा त्याच्या आक्रसलेल्या भुवया सैल झाल्या. त्याने आपल्याच पोटरीवरच्या पट्टीला मनापासून हात जोडले.

दाराशी जाऊन तो वळला. "मॅडम, आमचा उसाचा मुकादमबी लय राबवते. पण काम झाल्यावर घरी तं पाठोते!"

बाई खो खो हसल्या. माझा नंबर आला. मी हात पुढे केला, पण जरा ओशाळूनच.