लंगडं मेंढरू घोड्यावर

रुखवत बघायला येणाऱ्या बायकांइतके कडक परीक्षक मी दुसरीकडं कुठं पाहिले नाहीत. नवरीकडच्यांनी हौसेनं मांडलेल्या पदार्थांपुढं त्या पदर सावरत उभ्या राहतात, वरवर "छान, छान" म्हणतात आणि खरा निकाल एकमेकींच्या कानात लावतात. मी ऑर्डरी घेऊन रुखवतं करायची, त्यामुळं त्या कुजबुजीचा मला धसका असायचा. पण खरं सांगायचं तर त्या बायका परवडल्या. माझ्या डोक्यात एक मुकादम बसलेला असायचा, तो त्यांच्याहून वाईट. ऊसतोडीच्या टोळीवरचा मुकादमसुद्धा माणसांना भाकरीपुरतं बसू देतो. माझा मुकादम भाकरी खातानाही मागून म्हणायचा, "ती कड वाकडी झालीय, बघितलीस का?"

नव्वदनंतरची ती वर्षं. आम्ही सांगवीत राहायचो आणि लग्नसराईत माझ्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची. सगळ्यांना एकच गोष्ट हवी असायची, ती म्हणजे साखर कारखाना. बर्फीच्या वड्यांच्या भिंती, बिस्किटांचं छप्पर आणि उंच धुराड्यात खोचलेली पेटती उदबत्ती. धूर निघाला की बायका "अगं बाई!" म्हणायच्या. असे इतके कारखाने मी उभे केले, की खऱ्या कारखान्यानं मला सभासद करून घ्यायला हरकत नव्हती.

म्हणून शेळगावची ती मुलगी वडिलांबरोबर आली आणि "मला कारखाना नको" म्हणाली, तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवलं. तिचं सासर भवानीनगरचं.

"तितं कारखाना दारातच हाय," ती म्हणाली. "तुमी माज्या आज्याची मेंढरं करा. त्येंचा वाडा करा."

वाडा म्हणजे मेंढपाळांचा रानातला मुक्काम. आजोबा कळप घेऊन हिंडायचे. नातीच्या लग्नापर्यंत घरात ऊस आला होता, ट्रॅक्टर आला होता. वडील जरा चुळबुळले. "लोक हसतील गं," म्हणाले.

"हसू द्या," मुलगी म्हणाली.

ती मोकळी झाली आणि ओझं माझ्या डोक्यावर आलं. त्या हंगामात मी आधीच मेटाकुटीला आले होते. झोपेत हात वड्या थापायचे. मी घरात जाहीर करून टाकलं, "हे रुखवत बिघडलं तर पुन्हा कुणाचं करायचं नाही." कुणी मनावर घेतलं नाही, पण मी अगदी मनापासून बोलत होते. हे काम मला जीव की प्राण होतं आणि तेच माझा जीव खात होतं.

मेंढरं मी खोबऱ्याच्या लाडवांची केली. किसात घोळवलं की लोकर तयार, पायांना लवंगा, डोक्याला खारकेचा तुकडा. वाड्याचं बिऱ्हाड वाहायला अख्ख्या नारळाचा घोडा केला, शेपूट त्याच्याच काथ्याची. पण मुकादमाला एक मेंढरू पसंत पडेल तर शपथ! याची मान आखूड, त्याची पाठ चपटी, हे तर सरळ डुकरासारखं दिसतंय. नापास झालेली मेंढरं घरच्यांच्या ताटात जायची. माळकरी नवरा म्हणाला, "गळ्यात माळ असून आठवडाभर मेंढरंच खातोय."

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, बाजेवर बसून हे सगळं बघायच्या. त्यांचं माहेर मेंढरांमागं फिरणारं. लहानपणी त्या कळपाबरोबर घाट उतरून कोकणात जाऊन आलेल्या.

"आगं, तुज्या कळपाला रोग आलाय का?" त्या म्हणाल्या. "येवडी का मरत्यात?"

मी रागानं पुढचा लाडू वळायला घेतला. त्यांनी मेलेलं आणखी एक मेंढरू उचलून तोंडात टाकलं.

लग्नादिवशी सकाळी आत्याबाई आणि मी टेम्पोतून भवानीनगरला निघालो. ऊसवाहतुकीनं रस्त्याची चाळण झालेली. मी परात मांडीवर धरली होती, तरी एका खड्ड्यात सगळी उसळलीच. मांडवामागं उतरून फडकं काढलं, तर कितीतरी मेंढरांचे पाय मोडलेले. बदली करायला एकही नव्हतं, कारण जास्तीची सगळी मुकादमानं मारून टाकली होती.

मी तिथंच पोत्यावर बसले आणि रडू लागले. रडता रडता स्वतःला बोलतही होते. बिनडोक, बेअक्कल, हातात कला नाही आणि मिजास मोठी, असं बरंच काही.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सवतीलाबी कुणी असं बोलत न्हाय."

मी डोळे पुसले. त्यांनी एक लंगडं मेंढरू तळहातावर घेतलं. "ह्याचं काय करायचं म्हणतीस?"

"काय करणार? टाकायचं."

"टाकायचं? चालत्या कळपातलं मेंढरू कोण टाकतं? पाय मोडला, न्हायतर कोकरू थकलं, तर त्येला घोड्यावर घेत्यात. माजे पाय भाजले की बा मलाबी बसवायचा. बरं वाटलं की उतरायचं आन् चालायचं."

बोलता बोलता त्यांनी माझ्याच पिशवीतली अंबाड्यावर माळायची मोगऱ्याची जाळी घेतली, नारळाच्या घोड्याच्या दोन्ही बाजूंना टांगली आणि मोडकी मेंढरं एकेक करून तिच्यात बसवली. खारकेची तोंडं तेवढी बाहेर. धड होती ती मी घोड्यामागं उभी केली.

बायका आल्या. नवरदेवाची आजी पुढं होती. ती घोड्यापाशी थांबली आणि वाकून वाकून बघत राहिली.

"ह्ये कुणी केलं?"

"मी," मी म्हणाले. मुकादमानं घसा खाकरला.

"कोंबडी ऱ्हायली," आजी म्हणाली. "आमच्या घोड्यावर कोंबडीबी आसायची, वर, गाठोड्यावर." आणि ती हसली, मग पदरानं डोळे टिपले, मग "ए, ह्या इकडं!" म्हणून साऱ्या बायकांना हाका मारल्या. जाळीतल्या मेंढरांवरून कुणाकुणाची लहानपणं निघाली. नवरी मुंडावळ्या सावरत बघायला आली आणि आजेसासूचा हात धरून उभी राहिली.

रुखवतं मी बंद केली नाहीत. मुकादमही कुठं गेला नाही. नोकरी पक्की होती त्याची. फक्त त्यानंतर रोज संध्याकाळी आत्याबाई बाजेवरून विचारायच्या, "आज घोड्यावर कोण?" मग मी फुटलेली बर्फी, पडलेलं धुराडं, काय असेल ते सांगायची आणि दोघी हसायचो.

पुढं एका वैशाखात एकाला एक लागून लग्नं होती. दारात बारामतीची मंडळी ऑर्डर घेऊन उभी, आणि माझा हात परातीतून उचलेना. आत्याबाईंनी नेहमीसारखं विचारलं.

"मी," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. बाजेवरून उतरल्या, गोधडी झटकून अंथरली, मला दंडाला धरून आडवं केलं. मग दारात जाऊन त्या मंडळींना म्हणाल्या, "आज ती घोड्यावर हाय. बरं वाटलं की उतरंल."