एकही फट न ठेवता

मिस आमादा सारांगो यांच्यावर माणूस मारल्याचा ठपका आला, तेव्हा त्यांच्या वर्गात 'बिकॉज' हा शब्द वापरायला बंदी होऊन नऊ वर्षे झाली होती.

सान रोमानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला मिसच म्हणतात, मग तिचे वय साठीकडे झुकलेले असले तरी. आठवडाभर मिस मुलांना शिकवत आणि शनिवारी सकाळी शाळेच्या मागच्या खोलीत आम्हा थोराड विद्यार्थ्यांचा वर्ग घेत. बाकीच्या बहुतेकांना कुठली ना कुठली परीक्षा द्यायची होती. मी नोंदणी कचेरीतला कारकून, मला परीक्षा नव्हती. बावीस वर्षांत निरनिराळ्या खात्यांना मी त्रेसष्ट अर्ज केले. या देशातल्या कचेऱ्या शुद्ध स्पॅनिशला उत्तर देत नाहीत, तेव्हा परदेशी संस्थांना त्यांच्या भाषेत लिहून पाहावे, एवढ्याच हेतूने मी तिथे जाऊन बसलो.

"बिकॉज म्हणजे पोतं आहे," मिस म्हणत. "वाट्टेल ते कोंबा आणि तोंड बांधा. मला पोतं नको. कोणी काय केलं, त्यानं पुढचं काय हललं, ते सांगा."

आणि त्या शब्द देत. ट्रिगर म्हणजे नुसता चाप ओढणे. बार आधीच भरलेला असतो. अंडरमाइन म्हणजे पायाखालची माती काढून घेणे, तीही वरच्याला कळू न देता. एग्झॅसर्बेट म्हणजे आधीच दुखणारे अधिक चिघळवणे. एखाद्या औषधविक्याने बाटल्या मांडाव्यात तसे त्या हे शब्द कडक ते सौम्य अशा क्रमाने फळ्यावर मांडत आणि कोणता किती थेंब वापरायचा ते सांगत.

ही विद्या त्यांना कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नव्हती. तरुणपणी त्या न्यू जर्सीत एका विमा कंपनीच्या कचेरीत झाडलोट करत. भरपाई नाकारणाऱ्या पत्रांचे बिघडलेले मसुदे तिथल्या केराच्या टोपल्यांत पडत. मिस ते घरी नेऊन शब्दकोशाच्या मदतीने वाचत. छप्पर कोसळले ते वादळाने नव्हे, घरमालकाने खिळे वेळेवर न बदलल्याने. बाईचा पाय मोडला तो ओल्या जिन्याने नव्हे, तिच्या चपलेने. आई आजारी पडली तेव्हा त्या एक्वादोरला परतल्या, चाळिशीत पदवी घेतली आणि आमच्या शाळेत लागल्या. लग्न केले नाही. शाळेलगतचा उतार अडवून धरणाऱ्या संरक्षक भिंतीच्या वरच्या पट्ट्यात मुलांकडून मुळे आणि कोथिंबीर लावून घेणे, एवढाच त्यांचा शौक.

मार्चच्या पहिल्या सोमवारी ती भिंत पडली.

सोमवारी झेंडावंदन असते. मुले सातला येतात. सहा चाळीसला शाळेचा शिपाई विसेंते किश्पे झेंड्याची काठी रोवत होता आणि अकरा मीटर भिंत, वाफ्यांसकट, त्याच्या अंगावर आली. वीस मिनिटांनी काय झाले असते, याचा विचार गावात अजूनही कोणी मोठ्याने करत नाही.

शिक्षण खात्याचा अहवाल दहा दिवसांत आला. ज्या खात्याला शाळेचे गळके छप्पर पाहायला सहा वर्षे लागली, त्याला मृत्यूचे कारण शोधायला दहा दिवस पुरले. 'कारण' या रकान्यात एकच ओळ होती: शिक्षिका सारांगो यांनी भाजीच्या वाफ्यांना घातलेले अतिरिक्त पाणी. पुढच्या बुधवारी समितीपुढे सुनावणी. तिथे हे कायम झाले की बडतर्फी, आणि गावाच्या तोंडी जन्मभराचे वाक्य: विसेंतेला मिसने मारले. विसेंतेची बायको क्लोतिल्दे शाळेच्या फाटकाशी मक्याच्या पानात वाफवलेल्या हुमिता विकते. रोज सकाळी ती एक हुमिता मिसच्या हातात न विचारता ठेवायची. भिंत पडल्यापासून मिस समोरून गेल्या की ती टोपलीवरचे फडके सारखे करत बसे.

मी संतापलो. आठवड्याभरात मिसच्या बाजूने तीन अर्ज टाकले. तिन्हींत महापौरांना आरोपी केले.

"दॉन एफ्राइन, राहू द्या हो," मिस म्हणाल्या. "नका लिहू अजून."

मला तो त्यांचा विनय वाटला.

सुनावणीआधीच्या शनिवारी त्या नेहमीसारख्या आल्या, फळा पुसला, खडू घेतला. "आज कॉफी. पीक का घटलं, साखळी लावा."

मार्युक्सी ही दवाखान्यातली नर्स समुद्रकाठची. तिच्या तोंडाला झाकण नाही. ती म्हणाली, "मिस, कॉफी गेली खड्ड्यात. बुधवारी तुमचा गळा कापणारेत आणि आपण इथं बिया मोजायच्या? भिंतीचं लावू."

"नको."

"का नको? इंग्रजीत तर बोलायचंय. स्पॅनिशमध्ये तोंड उघडलं की कुणाचा तरी मेहुणा निघतो. इंग्रजीत या गावातलं कुणी राहत नाही."

सगळे हसले. मिसने माझ्याकडे पाहिले. त्या आधार मागत आहेत असे मला वाटले. मी म्हणालो, "मार्युक्सीचं बरोबर आहे, मिस. होऊन जाऊ द्या. बुधवारी उपयोगी पडेल."

त्यांनी खडू टेबलावर ठेवला आणि त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मार्युक्सीने पहिली कडी लिहिली: भिंत पडल्याने विसेंते गेला. शेजारच्या शाळेतला तरुण मास्तर वाइनर उठला. त्याने लिहिले, रविवारच्या पावसाने चाप ओढला. मग बार भरला कोणी? वाइनरनेच पुढे लिहिले, पाण्याने भिंतीचा पाया आतून पोखरला होता.

"वाफ्यांचं पाणी," मी फळ्यावर लिहायला सुचवले, म्हणजे ते खोडून दाखवता आले असते.

"कसलं वाफ्यांचं," मार्युक्सी म्हणाली. "शाळेच्या नळाला महिनाभर पाणी नव्हतं. पोरं घरून बाटलीतून आणायची. चार बाटल्यांनी भिंत पडते होय? अशानं आमच्या ग्वायाकिलला एक घर उभं राहिलं नसतं. पाणी वरून आलंय. वरच्या गल्लीतून."

वरच्या गल्लीत जुना पाट आहे. त्या गल्लीत माझे घर आहे.

तेवढ्यात मागच्या बाकावरून दॉन सेगुंदो माकास उठला. हा नगरपालिकेचा गवंडी. मुलगी परदेशी असते, तिच्याकडे जायचे म्हणून शिकायला येतो. दोन वर्षांत याने वर्गात 'येस, मिस'पलीकडे काही उच्चारले नव्हते. त्याने खडू मुठीत धरला, थापी धरतात तसा, आणि एकेक अक्षर कोरत मोडक्या इंग्रजीत लिहिले: मी पाण्यावर दगड ठेवले. बेचाळीस लाद्या. साफ करायला तोंड ठेवले नाही. पाट आत भरला. पाणी बाजूला गेले. मग थोडा वेळ थांबून: साहेब बोलले लवकर कर, एका सद्गृहस्थाने लिहिले आहे.

खडू तिथे थांबला. कोणीही माझ्याकडे पाहिले नाही, आणि त्यावरूनच मला कळले की सगळ्यांना कळले आहे. कारण माझ्या त्रेसष्ट अर्जांपैकी मंजूर झालेला एकमेव अर्ज कोणता, हे मी याच वर्गाला किमान चार वेळा सांगितले होते.

"बसा, सेगुंदो," मिस म्हणाल्या. "वेळ संपली आज."

दहा वाजून वीस मिनिटे झाली होती. वर्ग बारापर्यंत असतो.

घरी गेलो. नगरपालिकेचे उत्तर मी चौकटीत बसवून बैठकीच्या भिंतीवर लावले आहे: 'आपल्या सन्माननीय विनंतीस अनुसरून'. खाली, कपाटात, माझ्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत. दोन वर्षांत ती मी उघडली नव्हती. यशस्वी अर्ज कोण पुन्हा वाचतो? डास, दुर्गंधी, घटनेचे कलम, आरोग्याचा हक्क, सगळे ठीक होते. शेवटच्या परिच्छेदात माझ्याच सुबक वाक्यरचनेत लिहिलेले होते की सदर पाट माझ्या घरापासून शाळेच्या कुंपणापर्यंत, एकही फट न ठेवता, कायमचा बंद करण्यात यावा.

मी खाली बसलो. विसेंते मला आठवला. भिंत पडायच्या आदल्या शुक्रवारीच त्याने माझी छत्री दुरुस्त करून दिली होती.

या नगरपालिकेने आयुष्यात एकदाच एखाद्या नागरिकाचे शब्दशः ऐकले, आणि ते हे.

दुपारी मिसच्या घरी गेलो. त्यांनी ओर्चाता, म्हणजे वनस्पतींचा लाल काढा, पुढे ठेवला. मी अर्जाची प्रत टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"दुसऱ्या आठवड्यात वर जाऊन पाहिलं. लाद्यांवर कान ठेवला तर आत आवाज नाही. पाऊस चालू आणि पाटात आवाज नाही."

"मग बोलला का नाहीत? नोकरी जातेय तुमची."

"बोलून काय झालं असतं? त्यांचा रकाना एक ओळीचा आहे. त्यातलं माझं नाव खोडून तुमचं घातलं असतं. ती टोपलीतली पत्रं मी नऊ वर्षं वाचलीत, दॉन एफ्राइन. नेहमी एकच नाव असतं, आणि ते नेहमी ज्याला उलटून लिहिता येत नाही त्याचं."

"मला लिहिता येतं."

"हो," त्या म्हणाल्या. "तेच तर."

हे लागले. मी प्रतीची घडी घातली. मग त्याच म्हणाल्या, "आणि माझं नाव अगदीच खोटं आहे असंही नाही. विसेंते सोमवारी सात वाजता यायचा. त्या दिवशी मी त्याला साडेसहाला बोलावलं होतं. मुलं येण्याआधी वाफ्यांतली रोपं दाखवायची होती. कोथिंबीर वर आली होती."

"हे क्लोतिल्देला माहीत आहे?"

"नाही."

बुधवारी समितीचे तीन सदस्य प्रांताच्या शहरातून आले. शाळेच्या सभागृहात मागच्या बाकावर क्लोतिल्दे काळ्या शालीत बसली होती. मी कागद पुढे केला.

अध्यक्षांनी शिक्का पाहिला. "ही तक्रार कोणाविरुद्ध आहे?"

"कोणाविरुद्ध नाही. माझा जुना अर्ज आहे. मंजूर झालेला."

त्यांनी तो वाचला, मग परत वाचला, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अस्सं. म्हणजे कारण हे." ते लिहायला वाकले.

"कारण नाही," मी म्हणालो. "कारणांपैकी एक. मी मागितलं, महापौरांनी दिलं, अभियंत्यानं न पाहता सही केली, लाद्यांना तोंड ठेवलं नाही, दोन वर्षं पाट कोणी उपसला नाही. पाचही लिहा."

"सेन्योर, रकाना एवढाच आहे." त्यांनी दोन बोटांत माप दाखवले.

"मग कागद जोडा," मिस उठून म्हणाल्या. "आणि त्यात माझंही लिहा. विसेंतेला अर्धा तास आधी मी बोलावलं होतं."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवले. "बाई, तुम्ही आत्ता सुटत होतात. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. लिहा."

माझ्या मागे बाक करकरला. क्लोतिल्दे उठून बाहेर गेली होती.

सुधारित अहवाल मे महिन्यात आला. मिसची नोकरी राहिली. जोडपत्र सोडाच, रकानासुद्धा वाढला नाही. त्यात आता 'नागरिकाच्या आग्रहावरून बुजवलेला पाट' अशी ओळ आहे आणि पुढे माझ्या अर्जाचा आवक क्रमांक. महापौर कुठेच नाहीत. त्याविरुद्ध मी लिहिले आहे आणि उत्तर येणार नाही हे मला माहीत आहे.

सेगुंदोने दर चौथी लादी उचलली. पाट वाहू लागला, आणि माझ्या खिडकीखालची दुर्गंधी परत आली.

पुढच्या सोमवारी मिस फाटकातून आत जाताना क्लोतिल्देने त्यांना थांबवले. "साडेसहाला तो रोजच यायचा, मिस," ती म्हणाली. "चहा प्यायला. तुम्ही बोलावलंत म्हणून नाही." हे खरे की खोटे, मला ठाऊक नाही. तिने फडके बाजूला करून एक हुमिता मिसच्या हातात ठेवली.

मी चार पावले मागे होतो. टोपलीपाशी थांबलो आणि दोन मागितल्या.

"संपल्या," क्लोतिल्दे म्हणाली.

फडक्याखालून वाफ येत होती. मी मान हलवली आणि कचेरीकडे चालू लागलो.