तोडफोडबाईंचे खोटे प्रेक्षक

ऑफिसात सगळे तिला तोडफोडबाई म्हणत, आणि तिला ते नाव मनापासून आवडायचं. तिचं कामच तसं होतं. चंद्रावर यान उतरताना सारा देश घरबसल्या पाहणार. एवढी गर्दी थेट प्रक्षेपणाला झेपेल का, हे आधी तपासायचं. त्यासाठी ती संगणकावर लाखो खोटे प्रेक्षक तयार करून प्रक्षेपणावर सोडायची.

"हळूहळू सोडा हं," प्रमुख म्हणाले. त्यांना चाचणी नको होती, चाचणी पास झाल्याचा फोटो हवा होता.

"यान उतरताना लोक काय रांग लावून येणार आहेत, साहेब?"

"तुमच्या जिभेला काही हाड?"

तिने भरदुपारी सगळे एकदम सोडले. प्रक्षेपण पत्त्यांच्या बंगल्यासारखं कोसळलं आणि प्रमुखांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. मग मात्र सगळ्यांची धावपळ उडाली. दुरुस्त्या झाल्या, पुन्हा चाचणी झाली, प्रक्षेपण टिकलं. 'एकदम सोडायची कल्पना माझीच,' असं प्रमुखांनी वर कळवून टाकलं. तिने नुसतं नाक मुरडलं.

तो दिवस आला. खरे प्रेक्षक खोट्यांपेक्षाही जास्त आले, पण चित्र जराही अडखळलं नाही. यान खाली आलं, धूळ उडू लागली, आणि नेमकं तेव्हाच वरून फर्मान सुटलं. पडद्यावर यानाऐवजी अंतराळ संस्थेचे अध्यक्ष अवतरले. आधी टाळ्या वाजवताना, मग भाषण ठोकताना.

आईचा फोन आला. "अगं, उतरलं का ते? मला नुसता एक टकलू दिसतोय."

"उतरलं."

"मग ते का नाही दाखवत?"

"त्यांच्या मते हाच जास्त बघण्यासारखा आहे."

"आणि तू गं? इतके दिवस काय करत होतीस?"

"त्याचं टक्कल न अडखळता घरोघरी पोचवायची सोय, आई."

बाहेर प्रमुख केक कापायला बोलावत होते. कुणाच्या नावाने, ते तिने विचारलंही नाही. ती थेट चित्रीकरणाच्या खोलीत गेली. तिथल्या तंत्रज्ञाने तिला बघताच यानावरच्या कॅमेऱ्याचं मूळ चित्रण लावलं. धूळ उठली, लांबवर पसरली, सावकाश खाली बसली. यानाच्या एका पायाची सावली करड्या मातीवर पडली होती. तिने खुर्ची पुढे ओढली.

"पुन्हा लाव ना," ती म्हणाली.