शहाद्याच्या पाळण्यातली सुई

पुण्याहून निघताना भाचीने फोनवर बजावलं होतं, "मामा, डबी वरच्या खिशात ठेव, आणि कुणाला मिठी मारू नकोस." डबीत चार सुया होत्या. त्यांचं टोक डोळ्यांना दिसत नाही, हे मी भिंग लावून तपासून घेतलं.

नंदुरबारला गाडीतून उतरून शहाद्याची एसटी धरली. प्रकाशाला तापी ओलांडली, दोन्ही बाजूंना केळी लागली, तेव्हा शेजारच्या प्रवाशाने न राहवून विचारलं, "भाऊ, छातीमा दुखी ऱ्हायनं का?" मी सारा रस्ता खिसा दाबून बसलो होतो.

माझी ही भाची मंजिरी केळीच्या खोडाचा कोळसा करून त्यापासून सोडियमच्या बॅटरीसाठी चकती बनवते. तिच्या सूक्ष्मदर्शकात डोळा लावून बघायचं नसतं. सुई चकतीवरून ओळीओळीने फिरते आणि जाता जाता किंचित वीज देते. ज्या कणात सोडियम शिरतो तो फुगतो, सुई तेवढी उचलली जाते. त्यावरून पडद्यावर चित्र उमटतं: कोळशाचा कुठला भाग वीज साठवतो आणि कुठला नुसती जागा अडवतो. उपकरण उसनं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाणार होतं. स्वच्छ चित्र एकही मिळालं नव्हतं, आणि चित्राशिवाय तिचा प्रबंध पुरा होणार नव्हता.

कॉलेजात जनरेटरचा हादरा, म्हणून तिने ते भाड्याच्या खोलीत आणलं होतं. इथे रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर. मग आढ्याच्या कडीला ट्रॅक्टरच्याच ट्यूबच्या पट्ट्या बांधून एक फळी टांगली, वर उपकरण ठेवलं, धूळ नको म्हणून दुपटं टाकलं.

घरमालकीण कमलमावशींनी आम्हाला वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) वाढली. ताक ठेवायला खोलीत आल्या आणि बोलता बोलता फळीला झोका दिला. पहिली सुई गेली.

"मी मुद्दाम नही करं," मावशी म्हणाल्या. "त्याच कडीले मन्हा तिन्ही पोरं झोपनात. हात आपसूक गया."

दुसरी सुई शेजारणीने घालवली. विरजण मागायला आली होती. तिसरी मीटर बघायला आलेल्या माणसाने. त्याने झोका दिला, आकडा लिहून घेतला आणि जाता जाता पुन्हा दिला.

मंजिरी डबीतली शेवटची सुई बघत बसली. मी दारावर 'हात लावू नये' अशी पाटी सुचवली.

"पाटी कोन वाचस?" म्हणत मावशींनी दारात पाट टाकला आणि बैठक मारली. पुढच्या बाईला त्यांनी बाहेरच अडवलं. "हळू बोल. पोर झोपेल शे."

"मावशी, हे खोटं आहे," मी कुजबुजलो.

"मंग लोकेसले तुमीच सांगा, हाई काय शे ते."

मंजिरीने शेवटची सुई बसवली. येणारे आपोआप चपला हातात घेऊन जाऊ लागले. गाणी वाजवत आलेला ट्रॅक्टर मावशींनी रस्त्यात उभं राहून थांबवला. ड्रायव्हरने स्पीकर बंद केला, गाडी बैलाच्या चालीने नेली आणि वर विचारलं, "पोऱ्या का पोर, काकी?"

पडद्यावर ओळीमागून ओळ उतरत होती, एकही वाकडी नाही. शेवटची ओळ आली तेव्हा मंजिरी खुर्चीतून उठलीच नाही, नुसती माझा हात धरून बसली. उजळ कण, काळपट कण, सगळे वेगवेगळे दिसत होते.

"दावा तं," म्हणत मावशी आत आल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "कोनावर गयं?"

"केळीवर," मी म्हणालो.

त्यांनी डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात तीट लावली. मंजिरीने आनंदाच्या भरात तसाच फोटो काढून मार्गदर्शकांना धाडला.

परतीच्या गाडीत मी हिशेब मांडत होतो. आयुष्यभर मी बिनचूक आकड्यांवर विश्वास ठेवला, आणि त्या दिवशी एक बिनचूक चित्र निघालं ते अख्ख्या गल्लीने मिळून सांभाळलेल्या थापेवर. तेवढ्यात मंजिरीचा निरोप आला. मार्गदर्शक म्हणतात, काम उत्तम आहे, फक्त उजव्या कोपऱ्यातला मोठा काळा कण कशाचा, याचा सविस्तर खुलासा द्यावा.