भिंतीपलीकडची कार्टून्स

रविवारी सकाळी टीव्हीवर कार्टून लागायचं, तेव्हा पेणच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात घासकामाची घाई असायची. थोरली म्हणून मला मूर्तींना पॉलिश पेपर मारायला बसवत आणि धाकटा भाऊ आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसे. मला भिंतीपलीकडून नुसता आवाज यायचा. त्याचा हेवा मला तेव्हापासूनचा.

गेल्या रविवारी रोह्याला त्याच्या घरी त्याने तीच जुनी कार्टून्स लावली. संवाद मला तोंडपाठ होते. पण आवाजावरून मी लठ्ठ ठरवलेला कोल्हा काटकुळा निघाला. शिवाय कोल्हा आपटायच्या आधीच भाऊ हसायचा आणि माझी मजा जायची.

"काय गो ताय, तुला तर सगळं पाठ हाय!"

"पाठ हाय रे, पण बघितलंय कुठे? आता ऊठ, मासे साफ कर जा. पुढचं मी एकटी बघणार."

तो मोरीवर गेला. तिथून टीव्ही दिसत नाही. या वेळी आधी मीच हसायचं, असं ठरवून मी पुढचा भाग लावला. सुरुवातीचं गाणं थांबलं. कोल्हा आवाज न करता शिडी चढू लागला, आणि मोरीतून भावाचं हसू आलं.