नात्याच्या रकान्यात

प्रथम क्षमा मागते. मी लेखिका नाही. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात रिपोर्ट सोडून काही लिहिलेले नाही, आणि रिपोर्टमध्ये राग नोंदवण्याची सोय नसते. शिवाय जे सांगायचे आहे त्यातला एक भाग माझीच चूक आहे. तरी ते कुठेतरी लिहिल्याशिवाय मला स्वस्थता लाभेल असे वाटत नाही, म्हणून हे धाडस.

नोएल बाथरूमच्या दारात उभा होता आणि त्याचे पाय जमिनीला चिकटले होते. अक्षरशः चिकटले नव्हते, पण पार्किन्सन्सच्या रुग्णाला तसेच वाटते. मेंदू चालण्याचा हुकूम देतो आणि पाय तो ऐकत नाहीत. बहुधा दारातच असे होते. आम्ही त्याला ‘फ्रीझिंग’ म्हणतो. मी त्याच्या कमरेला हात देऊन उभी होते. मोठ्याने आकडे मोजून पाहिले. जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली होती, ती ओलांडायला सांगितले. काही उपयोग झाला नाही.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजार बरा करणे हे डॉक्टरांचे काम. त्या आजारासकट माणूस अंघोळ कशी करील, बटणे कशी लावील, पलंगावरून खुर्चीत कसा येईल, हे पाहणे आमचे. नागपूरला शिकले. नवऱ्याच्या नोकरीमुळे डब्लिनला आले आणि मुले मोठी झाल्यावर पुन्हा परीक्षा देऊन, टॅला या उपनगराच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका नर्सिंग होममध्ये लागले. पूर्वी ते नन्स चालवत. आता एक ट्रस्ट चालवतो.

तेवढ्यात कॉरिडॉरमधून वॉकर ढकलत, धापा टाकत टॉम आला. त्याने आपला तपकिरी बूट नोएलच्या पावलासमोर आडवा ठेवला.

“ओलांड, म्हाताऱ्या.”

“आणि वर पाय पडला तर?”

“पडू दे. तूच घेऊन दिलेत. तेव्हापासून चावतायत.”

नोएलने बूट ओलांडला आणि तो आत गेला.

“हे कधीपासून करता?” मी टॉमला विचारले.

“नऊ वर्षं. घरी दिवसातून वीस वेळा.”

नोएल बस चालवत असे, टॉम हार्डवेअरच्या दुकानात होता. दोघे एक्केचाळीस वर्षे एकत्र राहिले. कायदा बदलल्यावर त्यांनी रीतसर लग्न केले. इथे मात्र नोएलची खोली वरच्या मजल्यावर आणि टॉमची खालच्या मजल्याच्या दुसऱ्या टोकाला. टॉमचे हृदय कमकुवत आहे. लिफ्टपर्यंत चालत आला तरी त्याला बसावे लागते. त्यामुळे एरवी दोघांची भेट जेवणापुरती. तीन आठवड्यांत नोएल दोनदा पडला होता. दोन्ही वेळा बाथरूमच्या दारात, दोन्ही वेळा टॉम नसताना. तिसऱ्यांदा पडला तर खुबा मोडेल, आणि या वयात खुबा मोडलेला माणूस बहुधा पुन्हा उभा राहत नाही.

तळमजल्यावर चार नंबरची खोली रिकामी होती. दोन पलंग, रुंद दाराचे बाथरूम, बागेकडे उघडणारी खिडकी. दोन महिने तिथे कोणीही नव्हते. मी मॅनेजरकडे गेले. तिचे नाव ऊना. वागायला अतिशय गोड बाई.

“ती खोली विवाहित जोडप्यांसाठी राखीव आहे, सुनीता.”

“ते विवाहित आहेत.”

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. “फाईलमध्ये ‘फ्रेंड’ लिहिलंय. आणि लिहिलंयस तू.”

खरे होते. ॲडमिशनच्या दिवशी मीच माहिती भरली होती. ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता. टॉमने मला स्वच्छ सांगितले होते, “हा माझा नवरा.” मी मान डोलावली आणि ‘फ्रेंड’ टाइप केले. शेजारी दोन वृद्ध बायका जपमाळ ओढत बसल्या होत्या. फाईल सगळेच वाचतात. या वयात कशाला कोणाच्या तोंडी लागायचे, आपण जरा झाकून घ्यावे, असा सुसंस्कृत विचार मी केला. कोणी सांगितले नव्हते. मी आपणहून केला.

“चूक झाली. दुरुस्त करते,” मी म्हणाले.

“त्यापेक्षा असं कर ना.” ऊनाने आवाज खाली आणला. “हे बघ, आपल्या संस्थेचा एक ईथॉस आहे.” ईथॉस म्हणजे संस्थेची धार्मिक मूल्ये. हा शब्द इथे भिंतीवर फ्रेम करून लावलेला असतो. “धर्मस्वातंत्र्य आम्हालाही आहे की नाही? कायद्यातही तशी तरतूद आहे. माझं वैयक्तिक काहीच म्हणणं नाही, माझा भाचाच तसा आहे. तू ‘क्लिनिकल नीड’ म्हणून रिपोर्ट दे. टॉमला केअरर दाखव, त्याची देखभाल करणारा. मी तात्पुरती खोली देते. सगळं ग्रँड.” इथे ‘ठीक’ म्हणायला ग्रँड म्हणतात.

सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. खोली मिळत होती. मी तडक दोघांकडे गेले.

टॉमने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, “घरमालकिणीसाठी मी त्याचा चुलतभाऊ होतो. शेजाऱ्यांसाठी भाडेकरू. त्याच्या आईच्या अंत्यविधीला मी ड्रायव्हर होतो, गाडीत बसून राहिलो. आता एक्क्याऐंशीव्या वर्षी केअरर होऊ?”

“पगार देणार असतील तर हो म्हण,” नोएल म्हणाला.

टॉम हसला नाही. “फ्रेंड कोणी लिहिलं?”

“मी.”

“आम्हाला विचारायचं होतंस, लव्ह.”

तो ओरडला असता तर मला सोपे गेले असते.

त्या दिवशी बसमध्ये बसून मला कमलताई आठवल्या. नागपूरला माझ्या आत्याबरोबर त्या सव्वीस वर्षे राहिल्या. दोघी एकाच शाळेत शिक्षिका. आम्ही त्यांना ‘आत्याची मैत्रीण’ म्हणत असू, फार आदराने. आत्या गेली तेव्हा आलेल्या प्रत्येकाने माझ्या वडिलांचे सांत्वन केले. कमलताई स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी चहा करत होत्या. मीही दोन कप घेऊन बाहेर गेले होते.

मला राग आला. ऊनाचा आला, ट्रस्टचा आला, पण सर्वांत आधी स्वतःच्या सभ्यतेचा आला.

घरी जाऊन मी कायदा वाचला. मी वकील नाही, तेव्हा समजले तसे सांगते. नर्सिंग होमला विशिष्ट प्रकारच्या लोकांसाठी जागा राखून ठेवता येते, ही तरतूद आहे. ऊना खोटे बोलत नव्हती. पण जागा विवाहितांसाठी राखली असेल, तर समोरचे जोडपे विवाहित आहे की नाही एवढाच प्रश्न उरतो. लग्न कोणाशी केले यावरून नाही म्हणता येईल, असे मला कुठेही आढळले नाही. अजित, माझा नवरा, मागे उभा राहून वाचत होता.

“नोकरी जाईल?” त्याने विचारले.

“माहीत नाही.”

“मग नीट लिही,” म्हणाला आणि भात टाकायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी नोंद बदलली. सिस्टिममध्ये जुनी नोंद पुसली जात नाही. कोणी, कधी, काय बदलले ते सगळे राहते आणि कारणही द्यावे लागते. मी ‘हजबंड’ लिहिले. कारणाच्या जागी लिहिले, ‘रुग्णाने दिलेली माहिती मी चुकीची नोंदवली होती.’ मग रिपोर्ट लिहिला. पडण्याचा धोका, दार, बूट, सगळे त्यात होते. आणि ऊनाला ईमेल केली. चार नंबरची खोली या विवाहित जोडप्याला द्यावी. देता येत नसल्यास कारण लेखी कळवावे.

दहा मिनिटांत ती माझ्या दारात.

“हे लेखी कशाला, सुनीता? आपण बोललो होतो ना.”

“जे तोंडी सांगता येतं ते लेखीही सांगता येईल.” मी मॅनेजरशी कधी असे बोलले नव्हते.

“विषय बोर्डापुढे ठेवावा लागेल. पुढच्या महिन्यात मीटिंग आहे.”

“तोवर तो पडेल.”

“प्रार्थना करू या, पडणार नाही.”

मी ईमेल पुन्हा पाठवली. उत्तर नाही. तिसऱ्यांदा पाठवली. उत्तर आले, ‘विषय विचाराधीन आहे.’ मधल्या काळात चार नंबरच्या खोलीतले पडदे धुऊन पुन्हा लावले गेले.

अकराव्या दिवशी, सकाळच्या नाश्त्याआधी, नोएल पडला. मदतनीस मुलगी शेजारीच होती. तिने सगळे बरोबर केले, आकडेही मोजले. तो दारात थिजला, घाईने वळला आणि कोसळला. खुबा मोडला. मी पोचले तेव्हा तो जमिनीवर पडून विचारत होता, “युअर मॅन कुठाय?” इथे नाव न घेता कोणाही पुरुषाला असे म्हणतात. टॉम खाली लिफ्टजवळच्या खुर्चीत बसला होता. तिथून पुढे त्याला चालवत नव्हते.

ऑपरेशन झाले. नोएल हॉस्पिटलमध्ये असतानाच बोर्डाची मीटिंग झाली. मी मागितलेले कारण लेखी कधीच आले नाही. ऊनाने मला कॉरिडॉरमध्ये थांबवून सांगितले, “बोर्डाने करुणेच्या भावनेतून खोली मंजूर केली आहे.”

करुणा! दोन महिने रिकामी असलेली खोली, कायद्याने लग्न केलेली दोन माणसे, आणि मध्ये बोर्डाची करुणा. मी म्हणाले, “करुणा कोणीच मागितली नव्हती.” ती म्हणाली, “शेवटी मिळालं ना?” आणि पुढे गेली.

आज दोघे चार नंबरमध्ये राहतात. नोएल व्हीलचेअरवर आहे, विनोद चालू आहेत. टॉम त्याला सकाळचे पॉरिज भरवतो आणि चमचा गरम आहे म्हणून शिव्या खातो. बाथरूमचे दार अगदी हवे तसे रुंद आहे. त्यातून आता चाके जातात. टॉमच्या बुटाला काम उरलेले नाही.

माझी नोकरी गेली नाही. पुढचे प्रमोशनही आले नाही. धडा म्हणावा तर एवढाच: रकान्यात माणूस जे सांगतो तेच लिहावे. आपला संकोच त्याच्या नावावर घालू नये, कारण नकार द्यायला टपलेल्यांना तो आयता मिळतो.

कमलताई आता हयात नाहीत, म्हणून त्यांना विचारता येत नाही. तुमच्या घरात किंवा नात्यात असे एखादे ‘मित्र’ किंवा अशी एखादी ‘मैत्रीण’ असेल, तर त्यांना आपण काय म्हणावे, हे तुम्ही त्यांना कधी विचारले आहे का?